हजेरी आणि कामगिरी : पांढऱ्या पेशींच्या परीक्षेचा इतिहास

रक्ततपासणीचा छापील कागद आपल्यापैकी जवळजवळ प्रत्येकाच्या घरी एखाद्या फायलीत सापडेल. हिमोग्लोबिनच्या खाली पांढऱ्या पेशींची संख्या लिहिलेली असते. निरोगी प्रौढ माणसाच्या रक्तात दर घनमिलिमीटरला साधारणपणे ४,००० ते ११,००० पांढऱ्या पेशी असतात. आपला आकडा या मर्यादेत असला की आपण निश्चिंत होतो.

पण हा आकडा नेमके काय सांगतो? वर्गशिक्षकांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. हजेरीपटावर सर्व मुलांपुढे हजेरीची खूण असली म्हणजे सर्व मुले शिकली असे होत नाही. पांढऱ्या पेशींची संख्या म्हणजे हजेरी. त्या पेशी जंतूपर्यंत पोचतात का, त्याला गिळतात का, गिळल्यावर ठार मारतात का, हे त्या संख्येवरून कळत नाही. त्यासाठी पेशींची परीक्षा घ्यावी लागते. ही परीक्षा कशी घ्यावी, या प्रश्नाभोवती गेली सुमारे १२० वर्षे निरनिराळ्या पद्धती निघाल्या, गाजल्या, काही मोडीत निघाल्या आणि काही टिकल्या. आज कोणत्याही प्रयोगशाळेला 'सध्याची चांगली पद्धत कोणती' असा प्रश्न पडतो, तेव्हा या इतिहासाचा मोठा उपयोग होतो. म्हणून आपण तो थोडा तपशिलाने पाहू या.

तारामाशाच्या अळीतील काटा

सुरुवात १८८२ साली इटलीतील सिसिली बेटावर, मेसिना या गावी झाली. इल्या मेच्निकॉफ हे प्राणिशास्त्रज्ञ ओडेसा येथील विद्यापीठातील नोकरी सोडून तेथे राहावयास आले होते. तारामाशाची अळी काचेसारखी पारदर्शक असते. तिच्या शरीरातील भटक्या पेशी जिवंतपणी हालताना सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. मेच्निकॉफ यांनी अशा अळ्यांच्या अंगात गुलाबाचे बारीक काटे टोचले. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतात तो काट्याभोवती या भटक्या पेशींचा गराडा पडलेला!

पचनाचे काम करणाऱ्या अशा पेशीच परक्या वस्तूवर चालून जातात आणि शरीराचे रक्षण करतात, अशी कल्पना त्यांनी मांडली. पुढे पाणपिसू या गोड्या पाण्यातील लहानशा प्राण्यात त्यांनी बुरशीचे बीजाणू आणि भटक्या पेशी यांची झुंज पाहिली. पेशींनी बीजाणू गिळून टाकले तर पाणपिसू जगे. बीजाणू वरचढ ठरले तर मरे. या पेशींना 'भक्षक पेशी' असे नाव मिळाले. मेच्निकॉफ यांना १९०८ सालचे नोबेल पारितोषिक पाउल अर्लिक यांच्याबरोबर विभागून देण्यात आले.

मुंबईकर वाचकांना येथे एक ओळखीचे नाव भेटेल. ओडेसा येथे मेच्निकॉफ यांच्या हाताखाली शिकलेले वाल्डेमार हाफकिन हे पुढे त्यांच्या पाठोपाठ पॅरिसच्या पाश्चर संस्थेत गेले आणि १८९६ साली प्लेगच्या साथीत मुंबईस आले. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी आपली प्लेगची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. परळ येथील त्यांच्या प्रयोगशाळेला १९२५ पासून हाफकिन संस्था असे नाव आहे.

मेच्निकॉफ यांनी पेशींचे काम डोळ्यांनी पाहिले. पण ते मोजले नव्हते. या माणसाच्या पेशी त्या माणसाच्या पेशींपेक्षा किती कमी किंवा जास्त काम करतात, हे सांगण्याची सोय अद्याप नव्हती.

मोजमापाचा पहिला प्रयत्न

अर्लिक यांनी १८७९ नंतरच्या काही वर्षांत कृत्रिम रंग वापरून पांढऱ्या पेशींचे प्रकार वेगळे ओळखण्याची रीत बसवली. न्यूट्रोफिल, इओसिनोफिल, बेसोफिल ही नावे कोणत्या पेशीने कोणता रंग धरला यावरून आलेली आहेत. म्हणजे हजेरी आता तुकडीवार घेता येऊ लागली. तरी ती हजेरीच होती.

कामगिरी मोजण्याची पद्धत १९०२ साली विल्यम लीशमन या ब्रिटिश लष्करी डॉक्टरांनी प्रसिद्ध केली. आपल्याकडील प्रयोगशाळांत रक्ताच्या काचपट्ट्या रंगवण्यासाठी ज्यांच्या नावाचा रंग वापरतात, तेच हे लीशमन. त्यांची रीत सोपी होती. रुग्णाचे थोडे रक्त आणि जंतू मिसळलेले पाणी सारख्या प्रमाणात एकत्र करायचे, ते मिश्रण शरीराच्या तापमानाला काही मिनिटे ठेवायचे, मग काचपट्टीवर पसरून रंगवायचे आणि प्रत्येक पेशीच्या पोटात किती जंतू दिसतात ते मोजून सरासरी काढायची.

लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयातील ऑल्मरॉथ राइट यांनी हीच रीत उचलली आणि तिच्यात एक महत्त्वाचा बदल केला. राइट यांचाही भारताशी संबंध आला होता; १८९८ साली येथे आलेल्या प्लेग आयोगाचे ते सदस्य होते आणि हाफकिन यांच्या लशीची तपासणी हा त्या आयोगाच्या कामाचा भाग होता. राइट आणि त्यांचे सहकारी स्ट्युअर्ट डग्लस यांनी १९०३ साली रक्तातील पेशी धुऊन सीरमपासून वेगळ्या केल्या. नुसत्या धुतलेल्या पेशी जंतूंना जवळजवळ हात लावीत नाहीत, पण सीरम घातले की त्यांना भूक लागते, असे त्यांना दिसले. सीरममधील कोणतातरी पदार्थ जंतूला चिकटून त्याला खाण्याजोगा करतो, असा निष्कर्ष निघाला. या पदार्थाला त्यांनी 'ऑप्सोनिन' म्हटले. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ भाकरीबरोबर घ्यायचे तोंडीलावणे असा आहे. जंतूला लोणचे लावून पेशीच्या ताटात वाढले, असे म्हणा ना!

मग राइट यांनी रुग्णाच्या सीरममध्ये पेशींनी गिळलेल्या जंतूंची सरासरी भागिले निरोगी सीरममधील सरासरी, असा 'ऑप्सोनिक निर्देशांक' तयार केला. तो घसरला की रोग बळावणार, चढला की रुग्ण सुधारणार, आणि लशीचा पुढचा डोस केव्हा द्यायचा हेही त्यावरून ठरवायचे, अशी त्यांची योजना होती. काही वर्षे या निर्देशांकाचा इतका बोलबाला झाला, की बर्नार्ड शॉ यांनी १९०६ सालच्या 'द डॉक्टर्स डायलेमा' या नाटकातील एक पात्र राइट यांच्यावरून रंगवले.

आणि तरीही ही पद्धत मागे पडली. कारणे दोन होती. एक म्हणजे पन्नास किंवा शंभर पेशी मोजल्या तर त्यातून मिळणारी सरासरी दर वेळी बरीच इकडेतिकडे होते. निरोगी माणसाचा निर्देशांक आज ०.८ आणि उद्या १.२ आला, तर तो फरक शरीरातला की मोजणीतला? मेजर ग्रीनवुड या संख्याशास्त्रज्ञांनी नेमका हाच आक्षेप घेतला. ('मेजर' हा त्यांचा हुद्दा नव्हे, नाव आहे.) दुसरे कारण अधिक मूलभूत आहे. या परीक्षेत निरोगी माणसाच्या पेशी वापरल्या जात. म्हणजे परीक्षा रुग्णाच्या सीरमची होती. पेशी केवळ मोजपट्टी होत्या. रुग्णाच्या स्वतःच्या पेशींत दोष असेल, तर या परीक्षेत तो दिसण्याचा संभवच नव्हता.

गिळले, पण मारले का?

यानंतर जवळजवळ अर्धशतक पेशींपेक्षा सीरमचा अभ्यास जोरात चालला. त्याला चांगली फळेही आली. १९५२ साली अमेरिकी लष्करातील बालरोगतज्ज्ञ कर्नल ऑग्डेन ब्रुटन यांच्याकडे वारंवार जंतुसंसर्ग होणारा आठ वर्षांचा मुलगा आला. त्याच्या सीरममधील प्रथिने विजेच्या साहाय्याने वेगळी केली, तेव्हा ज्या भागात प्रतिपिंडे असतात तो गॅमा ग्लोब्युलिनचा भाग गायब असल्याचे आढळले. बाहेरून गॅमा ग्लोब्युलिन टोचल्यावर मुलगा सुधारला. कारण सापडले आणि उपायही सापडला.

साहजिकच वारंवार आजारी पडणाऱ्या प्रत्येक मुलाचे गॅमा ग्लोब्युलिन तपासले जाऊ लागले. आणि एक कोडे उभे राहिले. काही मुलांच्या लसिका ग्रंथींत, यकृतात, फुप्फुसांत पुन्हापुन्हा गळवे होत. पण त्यांचे गॅमा ग्लोब्युलिन कमी नव्हते, उलट वाढलेले होते. पांढऱ्या पेशीही भरपूर होत्या. त्या सूक्ष्मदर्शकाखाली निर्दोष दिसत. १९५४ पासून अशा रुग्णांच्या नोंदी येऊ लागल्या. १९५७ साली मिनेसोटा विद्यापीठातील रॉबर्ट गुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या रोगाचे वर्णन केले. त्यांनी त्याला दिलेल्या नावातच 'बालपणीचा प्राणघातक' अशा अर्थाचे शब्द होते. आज या रोगाला 'क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज' म्हणतात. आपण त्याला थोडक्यात सी.जी.डी. म्हणू.

त्या काळी हातात असलेल्या सर्व तपासण्या या मुलांच्या बाबतीत 'सारे ठीक आहे' असे सांगत होत्या, आणि मुले तर दगावत होती. उत्तर चुकत नव्हते. प्रश्नच चुकीचा विचारला जात होता.

योग्य प्रश्न १९६६-६७ मध्ये विचारला गेला. मिनेसोटातील ब्यूला होम्स, पॉल क्वी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या मुलांच्या पेशी, सीरम आणि स्टॅफिलोकोकस जंतू परीक्षानळीत एकत्र केले. ठरावीक वेळाने त्यातला थेंब काढायचा, पाण्यात पेशी फोडायच्या आणि आतले जंतू अगरच्या बशीवर पसरायचे. दुसऱ्या दिवशी बशीवर जितक्या वसाहती उगवतील तितके जंतू जिवंत होते असे समजायचे. निरोगी पेशींच्या बाबतीत वसाहती झपाट्याने कमी होत गेल्या. सी.जी.डी. झालेल्या मुलांच्या पेशींनी जंतू व्यवस्थित गिळले होते, पण ते पेशींच्या पोटात जिवंतच राहिले होते! लीशमन किंवा राइट यांच्या रीतीने मोजले असते, तर या पेशी पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाल्या असत्या.

पेशीचा जास्तीचा श्वास

गिळणे आणि मारणे या दोन क्रियांमध्ये काय घडते, याचा एक धागा आधीच सापडून पडून राहिला होता. १९३३ साली अमेरिकेतील बाल्ड्रिज आणि जेरार्ड यांनी बंद भांड्यात पांढऱ्या पेशी ठेवून त्यांना लागणारा ऑक्सिजन मोजला. जंतू घातले की पेशींचा ऑक्सिजनचा खप एकदम वाढे. गिळण्याच्या श्रमामुळे हे होत असावे, असा साधा अर्थ लावला गेला. आपण जिना चढताना धापा टाकतो, तसेच काहीसे.

१९५९ साली स्बारा आणि कार्नोव्स्की यांनी दाखवले की गिळण्यासाठी लागणारी ऊर्जा या पेशी ग्लुकोजच्या विघटनातून, ऑक्सिजनखेरीजही मिळवू शकतात. मग हा जास्तीचा ऑक्सिजन कशासाठी? १९६१ साली क्वास्टेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांना पेशींत हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होताना आढळले. १९७३ साली बर्नार्ड बेबियर यांच्या गटाने त्याही आधीची पायरी शोधली. पेशी ऑक्सिजनच्या रेणूला एक इलेक्ट्रॉन देऊन 'सुपरऑक्साइड' बनवते, आणि त्यापासून पुढे हायड्रोजन पेरॉक्साइड होते. जखमेवर आपण जे औषध ओतत असू, ते पेशी स्वतःच्या पोटात बनवते असे म्हणता येईल. सी.जी.डी. मध्ये हा कारखानाच बंद असतो.

यावरून आणखी एक कोडे सुटले. ही मुले स्टॅफिलोकोकसपुढे हतबल असत, पण स्ट्रेप्टोकोकसला मात्र त्यांच्या पेशी मारू शकत. असे का? स्ट्रेप्टोकोकस स्वतःच थोडे हायड्रोजन पेरॉक्साइड बनवतो आणि ते नष्ट करणारे कॅटॅलेज हे विकर त्याच्याजवळ नसते. तो स्वतःचे विष स्वतःबरोबर घेऊन पेशीत शिरतो. स्टॅफिलोकोकसजवळ कॅटॅलेज असते. तो आपले पेरॉक्साइड मोडून टाकतो. कॅटॅलेजचे काम वर्गात सहज दाखवता येते. कच्च्या बटाट्याच्या चकतीवर औषधांच्या दुकानात मिळणाऱ्या हायड्रोजन पेरॉक्साइडचे दोन थेंब टाका. फसफसून बुडबुडे येतील. तो मोकळा झालेला ऑक्सिजन. बटाटा आधी उकडला असेल तर बुडबुडे येणार नाहीत, कारण उष्णतेने विकर निकामी झालेले असते.

पिवळ्याचे निळे

जंतू वाढवून वसाहती मोजण्याची रीत खात्रीची होती, पण वेळखाऊ होती. रोजच्या कामासाठी सोपी परीक्षा हवी होती. ती १९६७-६८ मध्ये बॉस्टन येथील रॉबर्ट बेनर आणि डेव्हिड नॅथन यांनी दिली.

त्यांनी वापरलेला पदार्थ टेट्राझोलियम कुटुंबातील होता. या कुटुंबातील पहिला पदार्थ १८९४ सालीच तयार झाला होता. या रसायनांचा गुण असा, की त्यांचे क्षपण झाले म्हणजे ती रंग बदलतात आणि न विरघळणाऱ्या कणांच्या रूपात खाली बसतात. १९४० च्या दशकात जर्मनीतील लाकोन यांनी बियाणे जिवंत आहे की नाही हे पेरण्यापूर्वी ओळखण्यासाठी त्यांचा उपयोग केला. जिवंत अंकुर लाल होतो, मेलेला पांढराच राहतो. बियाणे तपासणाऱ्या प्रयोगशाळांत ही पद्धत आजही वापरतात. म्हणजे शेतीसाठी निघालेली युक्ती आजारी मुलांच्या कामी आली.

बेनर आणि नॅथन यांनी घेतलेले रसायन म्हणजे नायट्रोब्लू टेट्राझोलियम, ऊर्फ एन.बी.टी. याचे द्रावण पिवळसर असते. पेशींना लॅटेक्सचे बारीक कण खायला द्यायचे आणि एन.बी.टी. घालायचे. निरोगी पेशीत सुपरऑक्साइड तयार होते, एन.बी.टी. चे क्षपण होते आणि पेशीच्या पोटात गडद निळे कण दिसतात. सी.जी.डी. च्या रुग्णाच्या पेशी रंगहीन राहतात. साधा सूक्ष्मदर्शक, थोडे रसायन आणि सुमारे अर्ध्या-एक तासाचे काम. इतक्यात निदान होऊ लागले.

मुलांच्या आयांचे रक्त याच रीतीने तपासले, तेव्हा आनुवंशिकीचा एक सुंदर धडा मिळाला. बहुतेक आयांच्या काचपट्टीवर काही पेशी निळ्या आणि काही कोऱ्या, अशी सरमिसळ होती. या रोगाचे सर्वांत जास्त आढळणारे जनुक एक्स गुणसूत्रावर असते. मुलाला एकच एक्स असते. ते सदोष असले की सर्व पेशी सदोष. आईला दोन एक्स असतात, पण प्रत्येक पेशीत त्यातले एकच कामाला असते, असे मेरी लायन यांनी १९६१ साली उंदरांवरील अभ्यासावरून सुचवले होते. डोरोथी विंडहॉर्स्ट, होम्स आणि गुड यांना १९६७ साली त्याचा पुरावा माणसाच्या रक्तपेशींत मिळाला. पुढे १९८६ साली बॉस्टनमधील स्टुअर्ट ऑर्किन यांच्या गटाने हे जनुक शोधून काढले.

मात्र एन.बी.टी. च्या वाट्यालाही ऑप्सोनिक निर्देशांकासारखा एक काळ आला. १९६८ पासून काही संशोधक म्हणू लागले, की ताप आलेल्या माणसाच्या पेशींत आपोआप निळे झालेल्या पेशी किती हे मोजले, तर ताप जीवाणूंचा की विषाणूंचा ते ओळखता येईल. पुष्कळ रुग्णालयांनी ही तपासणी सुरू केली. परंतु औषधे, हाताळणी, रसायनाचा प्रकार अशा कितीतरी गोष्टींनी आकडे बदलत, आणि हा उपयोग मागे पडला. पद्धत तीच; एका प्रश्नासाठी ती उत्तम, दुसऱ्यासाठी कुचकामी.

राजम्याचा अर्क

आतापर्यंत आपण भक्षक पेशींविषयी बोललो. लिम्फोसाइट या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशींची परीक्षा कशी सुरू झाली, तीही हकीकत मजेदार आहे. १९६० च्या सुमारापर्यंत लहान लिम्फोसाइट ही वाढ संपलेली, काहीच न करणारी पेशी आहे असे बरेच जण मानत. फिलाडेल्फियातील पीटर नोवेल पांढऱ्या पेशींचा अभ्यास करीत होते. तांबड्या पेशींचे गोळे करून त्यांना खाली बसवण्यासाठी ते राजम्याच्या बियांपासून काढलेले एक प्रथिन वापरीत. काही दिवसांनी पाहतात तर निपचित समजल्या जाणाऱ्या लिम्फोसाइट मोठ्या होऊन विभाजन पावत होत्या! तांबड्या पेशी काढण्यासाठी घातलेल्या पदार्थानेच पांढऱ्या पेशींना जागे केले होते.

नोवेल यांनी १९६० साली हे प्रसिद्ध केले, आणि लिम्फोसाइटच्या परीक्षेची वाट सापडली. पेशींना हा अर्क द्यायचा आणि त्या विभाजन पावतात का ते पाहायचे. विभाजनासाठी नवे डी.एन.ए. लागते. म्हणून किरणोत्सारी हायड्रोजन असलेले थायमिडीन देऊन पेशी ते किती उचलतात हे मोजत. १९९४ साली ऑस्ट्रेलियातील लायन्स आणि पॅरिश यांनी किरणोत्सारी द्रव्याशिवाय हेच करण्याची युक्ती काढली. पेशीला एक चकाकणारा रंग द्यायचा. एका पेशीच्या दोन झाल्या की प्रत्येकीच्या वाट्याला निम्मा रंग येतो, चार झाल्या की पाव. चमक किती उरली यावरून किती पिढ्या झाल्या ते कळते. जमिनीच्या वाटण्या मोजाव्यात तसे हे आहे.

एकेका पेशीची झडती

या शेवटच्या युक्तीसाठी एकेका पेशीची चमक मोजणारे यंत्र लागते. ते 'फ्लो सायटोमीटर' या नावाने ओळखले जाते. त्यात पेशी द्रवाच्या बारीक धारेतून एकापाठोपाठ एक लेझरच्या झोतासमोरून जातात. सेकंदाला हजारो पेशींची चमक वेगवेगळी नोंदली जाते. लॉस अलामॉस येथील मॅक फुलवायलर यांनी १९६५ साली पेशी निवडणारे यंत्र बनवले. स्टॅनफर्ड येथील लेनर्ड हर्झेनबर्ग यांच्या गटाने १९६९ पासून चमकणाऱ्या पेशी निवडण्याची सोय केली. १९७५ साली कोलर आणि मिल्स्टाइन यांनी एकाच नमुन्याची प्रतिपिंडे हवी तेवढी बनवण्याची रीत शोधली, आणि प्रत्येक प्रकारच्या पेशीवर वेगळ्या रंगाचे लेबल लावणे शक्य झाले.

भक्षक पेशींच्या परीक्षेलाही याचा लाभ झाला. १९८८ साली रोथे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डायहायड्रोऱ्होडॅमिन हा पदार्थ वापरला, त्याला डी.एच.आर. म्हणतात. तो स्वतः चमकत नाही. पेशीत शिरल्यावर तेथील हायड्रोजन पेरॉक्साइडने त्याचे ऑक्सिडीकरण झाले की तो हिरवा चमकू लागतो. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून शंभर पेशी मोजण्याऐवजी आता काही मिनिटांत हजारो पेशी मोजता येऊ लागल्या. ग्रीनवुड यांचा संख्याशास्त्रीय आक्षेप पुष्कळ अंशी मिटला. किंचित काम करणाऱ्या पेशी आणि मुळीच काम न करणाऱ्या पेशी यांतला फरकही दिसू लागला. आज सी.जी.डी. च्या निदानासाठी डी.एच.आर. चाचणीला पहिली पसंती असते.

नवी म्हणजे चांगली का?

येथे वाचकांना वाटेल, की मग जुनी एन.बी.टी. चाचणी सोडून द्यावी. पण जरा थांबू या. डी.एच.आर. चमकण्यासाठी हायड्रोजन पेरॉक्साइडबरोबर मायलोपेरॉक्सिडेज नावाचे विकरही लागते. काही माणसांत हे विकर जन्मतःच कमी असते आणि बहुतेकांना त्याचा काही त्रास होत नाही. अशा माणसाची डी.एच.आर. चाचणी सी.जी.डी. सारखी दिसू शकते. एन.बी.टी. मात्र सुपरऑक्साइडवर अवलंबून असल्याने त्यात पेशी निळ्या होतात. म्हणजे दोन्ही चाचण्या 'तेच' मोजतात असे आपण सहज म्हणतो, पण त्या एकाच साखळीतील दोन वेगळ्या कड्या पाहतात. नव्या चाचणीचे शंकास्पद उत्तर पारखण्यासाठी जुनी चाचणी कामी येते.

प्रयोगशाळेत काम करणाऱ्या आम्हा मंडळींना पद्धत शोधायची असते तेव्हा साधनांची वाण नसते. केवळ प्रतिकारक्षमतेच्या पद्धतींना वाहिलेले एक आंतरराष्ट्रीय नियतकालिक १९७१ पासून निघते, आणि कृती पायरीपायरीने सांगणारे, वेळोवेळी सुधारले जाणारे ग्रंथ १९९१ पासून उपलब्ध आहेत. अडचण निवडीची असते. वरील इतिहासावरून आम्ही स्वतःसाठी काही प्रश्न ठरवले आहेत. ही पद्धत साखळीतील नेमकी कोणती कडी मोजते? परीक्षा कोणाची, सीरमची की पेशीची? जुनी आणि नवी रीत एकाच रक्तावर कोणी ताडून पाहिली आहे का? आपल्याकडील निरोगी माणसांचे आकडे आपण स्वतः काढले आहेत का? आणि नमुना किती वेळापूर्वीचा आहे?

शेवटचा प्रश्न आपल्या देशात फार महत्त्वाचा आहे. न्यूट्रोफिल पेशी अल्पायुषी असतात. लिम्फोसाइटप्रमाणे त्या गोठवून साठवता येत नाहीत. दूरच्या जिल्ह्यातून रक्त शहरात येईपर्यंत पेशी थकल्या, तर निरोगी मुलालाही आजारी ठरवले जाईल. म्हणून रुग्णाच्या रक्ताबरोबर त्याच वेळी घेतलेले एखाद्या निरोगी माणसाचे रक्तही त्याच डब्यातून पाठवतात. ते रक्तही परीक्षेत नापास झाले, तर दोष प्रवासाचा समजायचा. शाळेतील प्रयोगात आपण 'तुलनेसाठी दुसरी परीक्षानळी' ठेवायला सांगतो, तिचे मोल येथे एका मुलाच्या निदानाएवढे असते.

पुन्हा परळ

मुंबईच्या परळ भागात हाफकिन संस्था आहे, तशीच के.ई.एम. रुग्णालयाच्या आवारात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी ही संस्था आहे. एन.बी.टी. आणि डी.एच.आर. या दोन्ही चाचण्यांनी सी.जी.डी. आणि त्यासारख्या जन्मजात विकारांचे निदान तेथे केले जाते. अमेरिकेतील अंदाजानुसार हा रोग सुमारे दोन लाख जन्मांत एकाला होतो. आकडा लहान वाटेल. पण आपल्याकडील जन्मांची संख्या लक्षात घेतली की तो लहान राहत नाही. शिवाय या रोगाची काही जनुके एक्सखेरीज इतर गुणसूत्रांवर असतात. नात्यात लग्ने होणाऱ्या समाजांत अशा प्रकारांचे प्रमाण वाढते, आणि मग मुलीही या रोगातून सुटत नाहीत. आपल्याकडे जन्मतःच बी.सी.जी. ची लस देतात. निरोगी बाळाला ती हितकारक आहे, सी.जी.डी. असलेल्या बाळात मात्र लशीच्या जागी किंवा काखेतील गाठीत त्रास होऊन रोगाची पहिली सूचना मिळू शकते.

निदान वेळेवर झाले तर करण्यासारखे पुष्कळ आहे. जीवाणू आणि बुरशी यांच्याविरुद्धची औषधे रोज घेऊन संसर्ग टाळता येतो, आणि योग्य दाता मिळाल्यास अस्थिमज्जारोपणाने रोग बराही होऊ शकतो. १९५७ साली ज्याच्या नावातच मृत्यू होता, त्या रोगाची ही मुले आज मोठी होतात.

वर्गात एखादा मुलगा वारंवार गळू, न्युमोनिया किंवा गाठी यांमुळे महिनोन्‌महिने गैरहजर राहत असेल, त्याच्या एखाद्या भावंडाचा लहानपणी असाच मृत्यू झाला असेल, आणि 'रक्त तपासले, सगळे ठीक आहे' असे पालक सांगत असतील, तर शिक्षकांनी एक प्रश्न अवश्य विचारावा : रक्तातल्या पेशी मोजल्या, की त्यांचे काम तपासले? निदान करणे हे आपले काम नाही, ते डॉक्टरांचे. परंतु पालकांना मोठ्या रुग्णालयातील बालरोगतज्ज्ञांकडे जाण्याचा सल्ला आपण देऊ शकतो. विद्यार्थ्यांना मात्र बटाट्याचा प्रयोग करून दाखवावा, आणि मग विचारावे : कॅटॅलेज असलेला जंतू आणि कॅटॅलेज नसलेला जंतू, यांपैकी कोणता या मुलांना अधिक छळेल, आणि का?